सवतीचा साप

जुलैच्या उकाड्यात लोकरीचा जाड स्वेटर घालून डार्का सापाच्या पेटीपुढे उभी होती, आणि घामाच्या धारा तिच्या मानेवरून पाठीत उतरत होत्या. स्वेटर स्टेफकाचा. पेटीतला सापही स्टेफकाचाच.

स्टेफका म्हणजे मायरॉनची पहिली बायको. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या त्या भागात वसंत आला की दगडांच्या खाचांतून गार्टर साप ढिगांनी बाहेर पडतात. पोरं ते खिशात घालून हिंडतात. त्यातलाच एक तिने घरी आणून पाळला होता. पिवळ्या पट्ट्यांचा, बिनविषारी, आणि मादी. म्हणून घरात तिला रूता म्हणत. स्टेफका गेली, आणि घराबरोबर सवतीची ही लाडकीही डार्काच्या पदरात पडली.

लग्न करून डार्का या घरात आली त्याच दिवशी रूताने तिच्या हातावर असा घाण वास सोडला, की घासून घासून कातडी लाल झाली तरी तो जाईना. खाणेही सोडले. मायरॉन हसला होता.

"तू कसली घाबरतेस, तीच तुला घाबरलीय. हिचं सगळं वासावर चालतं. हे बघ."

त्याने बागेतून गांडूळ आणले आणि मेलेल्या उंदराच्या पिल्लावर चोळले. आतापर्यंत त्या पिल्लाकडे ढुंकूनही न बघणाऱ्या रूताने ते पाहता पाहता गिळले.

"गांडूळ समजून खाल्लं. आता पुढच्या वेळी तू स्टेफकाचा निळा स्वेटर घाल. तिचा वास आला की तुझ्या हातूनही घेईल."

मेलेल्या बाईचा कपडा अंगावर चढवणे डार्काला नकोसे वाटले होते. पण तिने घातला. रूताने खाल्ले. मग तो रिवाजच पडून गेला.

डार्काने मात्र हट्टाने सापाचे नखरे शिकून घेतले. डोळ्यांवर दुधी झाक आली की कात टाकायची वेळ झाली. तेव्हा हात लावायचा नाही, खायला द्यायचे नाही. डोके वर काढून बोटामागे फिरू लागली की भूक. डोके चपटे केले की राग. घरात दोघांची मर्जी सांभाळायची होती, त्यात सापाची सोपी होती. मायरॉन चार-चार दिवस 'हं'च्या पुढे बोलत नसे. फक्त रूताला भरवायच्या दिवशी त्याला काय व्हायचे कोण जाणे. शीळ घालायचा, चहा करून द्यायचा, जाता-येता डार्काच्या पाठीवरून हात फिरवायचा. त्या हाताची डार्का आठवडाभर वाट बघायची. मी रूताचं इतकं करते म्हणून याला माझी माया वाटते, असा अर्थ तिने आपल्यापुरता लावून घेतला होता.

आज मात्र जीव नकोसा झाला होता. पाऊस नसल्याने बाग दगडासारखी कडक, खणून खणून एक गांडूळ मिळाले नव्हते. स्वयंपाकघरात पिरोही, म्हणजे बटाट्याचे सारण भरलेल्या करंज्या, उकळत होत्या, त्यांची वाफ वेगळीच. डार्काने वैतागून स्वेटर काढला आणि खुर्चीवर टाकला.

"नाही खाल्लंस तर राहा उपाशी," ती रूताला म्हणाली. "मी काही तुझ्यापायी उकडून मरणार नाही."

तिने उघडा हात आत घातला. चिमट्यात नुसते पिल्लू, गांडुळाचा वास नाही, काही नाही. कालच कात टाकलेली रूता चकचकीत दिसत होती. जीभ लपलपवत ती पुढे आली, आणि पिल्लाकडे न जाता डार्काच्या मनगटाशी थांबली. घाम, कांदा, लोणी, सगळे वास होते त्या मनगटाला. डार्काने हात हलू दिला नाही. रूताची जीभ मनगटावरून इकडून तिकडे गेली. मग ती वळली, तिने पिल्लू धरले आणि जबडा पसरून आत ओढू लागली.

डार्काला हसू आले आणि डोळेही भरून आले. तिच्या स्वतःच्या अंगाचा वास या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी चालला होता. सापाने खाल्ले म्हणून रडायचे, याची तिला जरा लाज वाटली. पण आनंद झाला तो झालाच.

मायरॉन बागेतून शेपूची जुडी घेऊन आला.

"खाल्लं का बाईसाहेबांनी?"

"खाल्लं. आणि ऐक ना, गांडूळ न चोळता खाल्लं. माझ्या नुसत्या हातून."

तो तिच्या उघड्या दंडांकडे बघत राहिला.

"स्वेटर कुठाय?"

"काढला. जीव गुदमरत होता. अरे, तिला तो लागत नाही आता. माझी सवय झालीय तिला."

मायरॉनने शेपू ओट्यावर ठेवला. खुर्चीवरचा स्वेटर उचलला, उलट्या झालेल्या बाह्या एकेक करून सरळ केल्या आणि तो तिच्यापुढे धरला.

"मला लागतो," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. असता तर डार्काला भांडता तरी आले असते. पेटीतली रूता फुगल्या पोटाने निवांत वेटोळे घालून पडली होती. डार्काने पिरोही काढल्या, वर साय घातली, शेपू चिरून पसरला. मग तिने स्वेटर अंगात चढवला, बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या, आणि त्याच्या समोर जेवायला बसली.