पेशंट ऐकत नाही

नवऱ्याच्या खोकल्याचा पहिला आठवडा मीही गप्प बसले. कोमट पाणी, मध, वाफ, सगळं वेळच्या वेळी दिलं. तिसऱ्या आठवड्यात खोकल्याच्या जोडीला रोज संध्याकाळी ताप यायला लागला, आणि नवऱ्याने पँट घसरते म्हणून पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं. डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर: "तीस वर्षं औषधांचं दुकान चालवतोय. मला शिकवू नकोस."

बरं. नाही शिकवत.

शेजारणीकडून चिठ्ठी लिहून घेतली, कारण माझं अक्षर त्यांनी लगेच ओळखलं असतं. भर गर्दीत दुकानात गेले आणि दोन गिऱ्हाइकांमधून हात घालून ती काउंटरवर सरकवली. गर्दीच्या वेळी हे चिठ्ठ्या बघतात, तोंडं बघत नाहीत.

त्यांनी खोकत खोकतच ती मोठ्याने वाचली. "तीन आठवडे खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरलंय. पेशंट डॉक्टरकडे जायला तयार नाही. कोणतं औषध द्यावं?"

आणि भडकले. "औषध कसलं मागताय? हा काय बाटलीने जाणारा खोकला आहे? आजच्या आज डॉक्टरला दाखवा, छातीचा एक्स-रे काढा. घरात कुणाला काळजी आहे की नाही? पेशंट ऐकत नसेल तर हाताला धरून न्या!"

मान वर न करताच त्यांनी चिठ्ठी परत द्यायला हात पुढे केला.

मी चिठ्ठी राहू दिली आणि तो हात घट्ट धरला.