एकच पालक

“माझ्या पोरीची आई चोरलीत तुम्ही!” यमुना सिस्टर नोंदणी कचेरीच्या खिडकीच्या काचेवर थाप मारून ओरडली.

नर्सिंग कॉलेजचं दार तिच्या मुलीला, शलाकाला, आत घेत नव्हतं. प्रवेश परीक्षेत ती पहिली आली होती, तरी ती समोर उभी राहिली की दार बोलायचं, “क्लास गटारकाम. प्रवेश नाही.”

खिडकीतला साहेब वैतागला. “अहो सिस्टर, मूल जन्मलं की सिस्टिम त्याचं ऑब्जेक्ट, म्हणजे नोंद, बनवते, पालकाच्या क्लासमधून, म्हणजे साच्यातून. हिचा बाप गटारात उतरायचा. मग हीसुद्धा तेवढंच करू शकते. बाकीची कामं हिच्यात लिहिलेलीच नाहीत.”

“आणि मी कोण? जन्म गेला माझा लोकांना सुया टोचण्यात. तुमच्या आईलासुद्धा मीच टोचल्यात.”

“सिस्टिमचा प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय, त्या भाषेत एकच पालक चालतो. सिस्टिम बाप धरते.”

“त्याच गटारात गुदमरून मेला तो! मेलेला चालतो आणि जिती समोर उभी आहे ती चालत नाही?”

“आई, चल ना. लोक बघतायत,” शलाका पुटपुटली.

“बघू देत.”

“भाषाच तशी आहे, मी काय करू?” साहेब म्हणाला.

“भाषा काय आभाळातून पडली? माणसानंच लिहिली ना? मग त्यानं स्वतःच्या पोरीला कुठला क्लास दिला, ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय. बोला, कुठे बसतो तो?”