राऊच्या फाटकाची शर्यत

"चल अप्पा, आज तर होऊनच जाऊ दे," माळोजीरावांनी इम्पालाच्या बॉनेटवर थाप मारली. "अठ्ठावन्न वर्षं झाली यार. आता फैसला."

अप्पासाहेबांनी थाप पडलेली जागा रुमालानं पुसली. "फैसला तेव्हाच झाला. तू हरलास."

रविवारची सकाळ होती. सुपर कॉरिडॉरवर जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता आणि आयोजकांनी एक किलोमीटर रस्ता बंद ठेवला होता. इंदूरच्या माणसाला फुकटचा तमाशा मिळाला की तो घरी जातो थोडाच! बघ्यांचे डोळे दोनच गाड्यांवर होते. अप्पासाहेबांची पिस्ता रंगाची, शेपटीला पंख फुटलेली शेवरोले इम्पाला आणि माळोजीरावांची काळीभोर प्लायमाउथ. दोन्ही घराणी संस्थानी फौजेतली. तलवारी गेल्या, जहागिरी गेल्या, अकड तेवढी राहिली.

"अप्पाजी, सांगा ना, काय झालं होतं?" निवेदन करणाऱ्या सुरभीनं माइक पुढे केला.

अप्पासाहेब खुलले. चौऱ्याऐंशीचा माणूस बघता बघता सव्वीसचा झाला.

"सदुसष्टचा जानेवारी. महूला लग्न होतं, दोघंही सहकुटुंब निघालेलो. इंदूरबाहेर राऊच्या रेल्वे फाटकावर गाठ पडली आणि ठरलं, फाटक ते महू, जो आधी पोचेल तो मर्द! पहाट होती, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी सुटली आणि माझ्या पोटात गोळा आला! काटा नव्वदवर. मैल हं भिया, किलोमीटर नाही! बाभळी मोजता येईनात. इंजिन असं घुमत होतं की छातीत ऐकू येत होतं. आणि मागच्या काचेत माळोजीचे दिवे लहान, आणखी लहान... गायब!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. अप्पासाहेबांचे डोळे चमकत होते. खरं सांगायचं तर या माणसानं आयुष्यात जिंकलेली ही एकच गोष्ट. मुलांच्या लग्नात, बँकेच्या रांगेत, दाढदुखीच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असतानासुद्धा त्यांनी ती सांगितली होती.

"तुझा लाल फेटा तेवढा दिसत होता," माळोजीराव म्हणाले. "आणि मागच्या सीटचे पडदे फडफडताना. वहिनी होत्या ना आत?"

"तुझ्याही गाडीला पडदे होतेच की."

त्या काळी सरदारांच्या घरच्या बायका मोटारीत मागे, पडदे ओढूनच बसत. नवरा पुढे फेटा बांधून गाडी हाकी, बायकोला रस्ता फटीतून दिसे.

"त्या दिवसापासून आमच्या घरी राऊचं नाव काढलं की ताट सरकवलं जातं," माळोजीराव माइककडे वळून म्हणाले. "आज नाही जिंकलो तर माझी खैर नाही!"

लोक खदखदून हसले. प्लायमाउथच्या उघड्या दारात पोह्यांची प्लेट घेऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी लीलाबाई मात्र हसल्या नाहीत.

अप्पासाहेबांचा नातू विक्रम किल्ली घेऊन आला. गाडी इथवर त्यानंच आणली होती. "आजोबा, रस्ता पूरा खाली आहे. बस, एक चक्कर."

"माझा चष्मा..."

"डोळ्यांवर आहे."

"टायर जुने आहेत रे."

"मागच्याच महिन्यात बदलले ना!"

"अरे, हा तर डर गया!" माळोजीराव गरजले. "मग माइकवर सांगून टाक, सदुसष्टची शर्यत रद्द!"

बघे ओरडू लागले, "अप्पाजी! अप्पाजी!" अप्पासाहेबांना दरदरून घाम फुटला. अठ्ठावन्न वर्षं जपलेली इज्जत भर रस्त्यात जायची वेळ आली होती. त्यांनी मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. छत्रीखाली खुर्चीवर त्यांच्या पत्नी द्वारकाबाई बसल्या होत्या.

"अहो, सांगून टाका त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "आता काय या वयात!"

अप्पासाहेबांनी माळोजीरावांना कोपराला धरून बाजूला नेलं.

"माळोजी, मला गाडी चालवता येत नाही."

"क्या?"

"तेव्हाही येत नव्हती. लग्न झाल्यावर शिकायला निघालो, शिकली ती द्वारका. गावात आमचा ड्रायव्हर असायचा. रिकाम्या रस्त्याला लागलो की त्याला उतरवून स्टिअरिंग ती घ्यायची. त्या पहाटे तुझ्याशी पैज लावून परतलो आणि अंधारात माझा फेटा तिच्या डोक्यावर चढवला. मी मागे बसलो होतो, पडद्यात. निम्मा रस्ता रामरक्षा म्हणत होतो, निम्मा रस्ता तुझे दिवे बघत होतो." त्यांनी माळोजीरावांचं कोपर सोडलं. "तुला एका बाईनं हरवलं रे. आता काय बोलायचं ते बोल."

माळोजीराव आधी पांढरे पडले, मग लालबुंद झाले. अप्पासाहेबांनी मान खाली घातली. आता शिवी येणार आणि ती अख्खं इंदूर ऐकणार, याची त्यांना खात्री होती.

माळोजीराव गर्रकन प्लायमाउथकडे वळले आणि होता नव्हता तेवढा दम लावून ओरडले,

"लीला, ये गं इकडे! तुला हरवणारी सापडली!"