गव्हानंतरचं दळण

जानकीबाईनं पुढच्या संकष्टीचं दळण ठेवलं, पण गिरणीवाला केरू डब्याला हात लावीना. “आजी, मागच्या महिन्यात चूक झाली. आधी गहू दळलेले, गिरण झाडायची राह्यली. तुमच्या उपवासाच्या पिठात गव्हाचं पीठ गेलं.” म्हातारी मटकन पोत्यावर बसली. नातीचा पाय बरा व्हावा म्हणून तिनं एकवीस संकष्ट्यांचं व्रत धरलं होतं. मागची विसावी होती. “मला कळलं नसतं रे. कशाला सांगितलंस?” सांगितलं नव्हतं तोवर केरूला घास उतरत नव्हता, आणि सांगून बसला तर म्हातारीचं व्रत मोडलं. ती डबा उचलून दारापर्यंत गेली आणि थबकली. “किन्हवलीच्या गिरणीत दहा वर्षं दळलं मी. तिथल्यानं कधीच असं नाय सांगितलं.” हा टोमणा की शाबासकी, केरूला उमगेना. म्हातारीनं माघारी येऊन डबा ठेवला. “नीट झाड. पहिलीपासून धरायच्यात.”