शिवणाच्या खोलीची हद्द

साखळी न काढताच भालचंद्र निमकरांनी दाराच्या फटीतून विचारलं, "आता काय न्यायला आलीस?"

"पावलं बघायला आले, काका," वॉर्ड ऑफिसची मुकादम बाई म्हणाली.

आता दर सोमवारी वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्या जात. फरशीखालचं यंत्र पावलं मोजी. एकट्याला एकच खोली. दुसरी शेजारच्या वॉर्डातल्या बेघराला. निमकरांची बायको कुमुद वारली आणि आठवड्यात तिच्या शिवणाच्या खोलीच्या उंबऱ्यावर नव्या हद्दीचा पिवळा पट्टा आला. यंत्राला कोणीतरी कळवलं, हा संशय निमकरांच्या मनातून जात नव्हता.

त्यांनी नाइलाजाने दार उघडलं. बाईने हातातल्या उपकरणाच्या पडद्याकडे पाहिलं.

"खोलीत आखूड पावलं दिसतायत. तुमची नाहीत. कोण राहतं?"

"तुला कशाला चौकशा?"

तिची नजर खाली गेली. निमकरांच्या पायांत बायकी चपला होत्या आणि टाचा बोटभर बाहेर लोंबत होत्या. बाई वाकली आणि तिने पट्टा पुसला.

"काकूंना सांगा, टाच आत घेऊन चाला. यंत्राला टाच कळते."

ती गेल्यावर त्यांनी साखळी लावली. हा सल्ला की सापळा, ते त्यांना ठरवता येईना. मग टाचा आत घेत ते कुमुदच्या खोलीत फेऱ्या घालू लागले.