खिंडीपर्यंत

खिंडीत पोचेपर्यंत धुकं इतकं दाटलं की पुढची पायवाट दिसेना. शर्वरीनं पाठपिशवीतून गडवाटांचं मार्गदर्शक पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचलं, "धुके असल्यास लहान मुलांसह येथून पुढे जाऊ नये. गड पुढच्या वर्षीही इथेच असेल."

"गड असेल गं," तिचे सासरे भालचंद्र म्हणाले, "पण माझी नजर नसेल."

काचबिंदूनं त्यांचा एक डोळा गेला होता, दुसरा मंदावत चालला होता. तरुणपणी राहून गेलेला हा एकच गड त्यांना बघायचा होता. शर्वरीचा हात धरून तिची छोटी लेक ओवी उभी होती आणि पुढची वाट कड्याच्या काठानं जात होती.

भालचंद्र दगडावर बसले. शर्वरीकडून पुस्तक घेऊन त्यांनी नातीच्या हातात दिलं. मग म्हणाले, "ओवी, वर काय काय आहे ते वाच बघू."

ओवीनं ओळींवर बोट ठेवून सावकाश वाचलं. पाण्याची टाकी, देवीचं देऊळ, पश्चिमेच्या बुरुजावरून दिसणारी खाडी. आजोबांनी डोळे मिटून घेतले होते.

"खाडीचं पुन्हा वाच."

तिनं वाचलं.

"दिसली," ते म्हणाले आणि नातीचा हात धरून उतरू लागले.