दोघांचा डाव

"जोकर टाकलास? अगं, जोकर कुणी टाकतं का!" आठ दिवसांपासून सुनेला रमी शिकवणारे सासरे ओरडले.

तिनं तो मुद्दामच टाकला होता; हातात शो तयार होता. पण परवा सासूबाई भांडी विसळता विसळता म्हणाल्या होत्या, "मला रमी चांगली जमली, तिथंच माझं वाटोळं झालं. चोवीस वर्षं दुपारी एक ते पाच या माणसासमोर बसतेय." आणि सुनेला तर सोमवारपासून दवाखान्यात नोकरीवर जायचं होतं.

"हिच्या डोक्यात भुसा भरलाय," सासऱ्यांनी निकाल दिला. "अगं ए, तूच ये बसायला!"

बहिणीकडे निघालेल्या सासूबाई दारात थबकल्या. पायात घातलेल्या चपला त्यांनी मुकाट्यानं काढल्या.

सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःची मान सोडवताना तिनं सासूबाईंची पुन्हा अडकवली होती.

"आई, चपला घाला आणि निघा," ती म्हणाली. मग तिनं सगळी पानं गोळा करून पिसली आणि सासऱ्यांपुढे ठेवली.

"अण्णा, आता नीट बघा. एकट्यानं खेळायचा डाव शिकवते तुम्हाला."